प्रत्येकाला एक नंबर

या निवडणुकीत माझ्या खात्यावर काय काय जमा होणार होतं, ते आधी सांगून टाकतो. म्हणजे पुढे जे खर्ची पडलं त्याचा तुम्हाला नीट अंदाज येईल. हमरस्त्यापासून थेट आमच्या फाटकापर्यंत गुळगुळीत डांबर! घरात बायकोचं हसरं तोंड! गावात ‘मॅलकीने करून दाखवलं’ असा बोलबाला! आणि मनातल्या मनात, सगळ्या पक्षांना एकदाचं गंडवल्याचं समाधान! गुंतवणूक म्हणाल तर शून्य. फक्त एक वाक्य बोलायचं होतं.

आमच्याकडे मतपत्रिकेवर शिक्का मारत नाहीत. उमेदवारांच्या नावांपुढे आपल्या पसंतीने आकडे घालायचे. एक, दोन, तीन, असे. त्यातले दोन आणि तीन म्हणजे लग्नातल्या अहेराचा टॉवेल. दिला काय, न दिला काय. किंमत सगळी एक नंबरला. उमेदवार दारात येतो तो एक नंबर मागायला. आणि माझं वाक्य होतं, “एक नंबर तुमचाच!” मतपत्रिकेवर एकच ‘एक’ घालता येतो हे मान्य, पण तोंडाने कितीही घालता येतात!

यात फसवणूक आहे असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही आयर्लंडमधल्या आमच्या डोंगराकडच्या स्लायगोत राहिलेले नाही. आमच्याकडे दोन मोठे पक्ष. आजोबांच्या काळी ते एकमेकांवर बंदुका रोखून उभे होते. आता दोघांत फरक काय, असं विचारलंत तर त्यांच्या नेत्यांनाही चष्मा शोधावा लागतो. तिसरा पक्ष नवा. तो बदल घेऊन येतोय. इतकी वर्षं येतोय, की वाटेत कुठेतरी अडकला असावा. बहुधा आमच्याच रस्त्यावरच्या खड्ड्यात.

खड्डे म्हणजे काय, नुसते खड्डे नव्हते. एकात बदकं उतरत. थेडीच्या, म्हणजे आमच्या शेजाऱ्याच्या, घरासमोरच्या खड्ड्याला तर पोस्टमन नावाने ओळखायचा. आणि यंदा आमच्या घरी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मोठी प्रार्थना, होती! आमच्या भागात पाळीपाळीने एकेका घरी फादर येतात, घरातच मिस्सा होते आणि मग सगळा रस्ता त्या घरी न्याहारीला बसतो. पाळी येण्याआधी माणसं घर रंगवतात, पडदे बदलतात, कधीकधी नवरेही बदलले असते. पण फादरना चालत नाही. गेल्या पाळीला, माझी सासू हयात असताना, फादरच्या गाडीचा सायलेन्सर आमच्या खड्ड्यात तुटला आणि फादर रणगाड्यासारखा आवाज करत दारात आले. अट्रॅक्टा, माझी बायको, तो आवाज अजून विसरलेली नाही.

“यंदा डांबर पडलं नाही तर मिस्सा आपल्याकडे होणार नाही,” ती म्हणाली. “फादरनी स्पष्ट सांगितलंय. नवी गाडी घेतलीय त्यांनी.”

“तू पडद्यांचं बघ. डांबराचं माझ्यावर सोड!”

“तुझ्यावर सोडलेल्या गोष्टी मोजायला बसले तर मिस्सेची वेळ टळेल.”

“या वेळी गंमत बघ. सगळ्यांना एकेक नंबर देतो. तिघंही डांबर घेऊन धावत येतील!”

“मत ही काय वाटायची गोष्ट आहे?”

“मत कुठे वाटतोय? शब्द वाटतोय. त्यांनी आजवर आपल्याला तेच वाटलं ना?”

हे वाक्य मला स्वतःलाच इतकं आवडलं की मी ते त्या आठवड्यात भेटेल त्याला ऐकवलं. अट्रॅक्टाने मात्र फक्त पडदे जोरात झटकले.

पहिले आले मॅट गिलहूली. विद्यमान खासदार, दार भरून उरेल असा देह आणि त्याच्या दुप्पट आवाज. मी तयारीतच होतो. हाताची घडी घालून म्हटलं, “गिलहूलीसाहेब, खरं सांगू? तुमच्या पक्षावरचा माझा विश्वास उडालाय.”

मला वाटलं, गडी आता पक्षाची बाजू मांडेल. कसलं काय! गिलहूलींनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

“मॅलकी, माझ्या राजा! माझाही उडालाय! त्या डब्लिनच्या लोकांना शेण आणि चिखल यातला फरक कळत नाही. माझा फलक बघ. पक्षाचं चिन्ह दिसतंय कुठे?”

मी बघितलं. फलकभर गिलहूलींचे दात. चिन्ह कोपऱ्यात, एखादी माशी बसून गेल्यासारखं.

“मग एक नंबर तुमचाच!” मी म्हणालो. आणि इथे, मंडळी, मी गरज नसताना एक पाऊल पुढे टाकलं. “माझाच काय, या अख्ख्या रस्त्याचा! इथली मतं माझ्या खिशात असतात.”

खिशात माझ्या तेव्हा एक दोरी आणि कुत्र्याचं बिस्कीट होतं. पण गिलहूलींचे डोळे असे चमकले की मला स्वतःलाही वाटलं, असतील बुवा मतं! आमच्या रस्त्याची पेटी वेगळी असते. हमरस्त्यावरच्या जुन्या शाळेत ती ठेवतात, आणि त्यात आमच्याशिवाय कुणाचं मत पडत नाही. मतमोजणीला कठड्यावर रेलून आकडे टिपणारे पक्षांचे पेन्सिलवाले पेटी उघडताक्षणी सांगतात, कुठल्या रस्त्याने कुणाला घातलं आणि कुणाला पाडलं. त्यामुळे अख्खा रस्ता खिशात असणारा माणूस म्हणजे उमेदवाराला देवमाणूस.

“डांबराचं मी आजच बोलतो,” गिलहूली म्हणाले आणि फाटकावर आपला फलक बांधून गेले.

दोन दिवसांनी दुसऱ्या मोठ्या पक्षाच्या नोरीन टॅन्सी आल्या. गाडीचा आवाज ओळखून मी आधीच गिलहूलींना उतरवून जळणाच्या खोपीत टाकलं होतं. नोरीनबाई बारीक, तुरतुरीत. बोलताना समोरच्याच्या कॉलरवरचा कचरा काढणाऱ्या.

“पक्षांचा वीट आलाय, नोरीनबाई.”

“अहो, मला विचारा! मी तर रोज सकाळी त्यांच्याबरोबर बैठकीला बसते!”

त्यांनाही एक नंबर. त्यांनाही अख्खा रस्ता. त्यांचाही फलक. तिसरा आला सायकलवरून, लॉर्कन फीहिली, बदलवाला. कोवळं पोरगं, दाढी नुकतीच आलेली आणि तीही एकमताने नव्हे.

“काका, तुम्हाला जुन्या पक्षांचा राग आलाय ना?”

“तुमच्याही पक्षाचा आलाय.”

“तो तर आम्हाला सगळ्यात जास्त आलाय!” लॉर्कन उत्साहाने म्हणाला.

आता तुम्हीच सांगा, अशा लोकांवर रागवायचं तरी कसं? आपण चिडून दगड उचलावा तर समोरचा म्हणतो, थांबा, मी पण तुमच्या बाजूने मारतो! मी त्यालाही एक नंबर दिला, रस्त्यासकट. खोपीत आता तीन फलक झाले. बाहेर कुणाची गाडी वाजते ते ऐकायचं, आणि त्याचा फलक फाटकावर चढवायचा. दुकानाच्या पाट्या इतक्या वेळा बदलत नसतील.

हे असं सुरळीत चाललं होतं, आणि मग एका संध्याकाळी सगळे एकदम उगवले.

अट्रॅक्टा मिस्सेसाठी कापड बघायला गेलेली. गिलहूली स्वयंपाकघरात तिच्या हातच्या सोडा ब्रेडचा फडशा पाडत बसलेले. तेवढ्यात नोरीनबाईंच्या गाडीची घरघर आली.

“साहेब, नोरीनबाई येतायत! तुम्ही इथे दिसलात तर त्यांना कळेल की मी तुमचा माणूस आहे. मग त्या रस्त्यावरची बाकीची घरं फोडतील!”

“खरंच की!” गिलहूली उठले. ब्रेड हातात, लोणी मिशीला. मी त्यांना मागच्या दाराने खोपीत ढकललं, धावत जाऊन फाटकावरचा फलक उतरवून तोही खोपीत सरकवला आणि नोरीनबाईंना घरात घेतलं. त्यांच्या कपात चहा पडतो न पडतो तोच सायकलची घंटा!

“नोरीनबाई, बदलवाले आले! तुम्ही जरा...”

“समजलं,” नोरीनबाई कुजबुजल्या, आणि मी हात धरायच्या आत तुरुतुरु मागच्या दाराने त्याच खोपीत शिरल्या.

मी डोळे मिटले. आतून आरडाओरडा होणार, ठोसाठोशी होणार, माझे तिन्ही एक नंबर एकमेकांसमोर उघडे पडणार! पण आतून आला तो गिलहूलींचा आवाज, “अं... मॅलकीचं जळण बघायला आलो होतो. यंदा छान वाळलंय.”

“हो ना,” नोरीनबाई म्हणाल्या. “मी पण तेवढ्याचसाठी आले.”

कारण दोघांनाही माझा रस्ता हवा होता आणि दोघांनाही दुसऱ्याला त्याचा वास लागू द्यायचा नव्हता! वर दोघांनी खोपीतल्या अंधारात एकमेकांचे आणि लॉर्कनचे फलक पडलेले पाहिले, स्वतःचा तेवढा दिसला नाही. गिलहूली बाहेर येताना मला कोपराने ढोसून म्हणाले, “विरोधकांचे फलक उतरवतोस होय रे! वाघ आहेस!” मागून नोरीनबाईंनी माझी कॉलर झटकत तेच सांगितलं, फक्त वाघाऐवजी त्यांनी मला रत्न म्हटलं. आणि लॉर्कन? तो सायकल धरून अंगणात उभा. दोन्ही जुने पक्ष एकाच खोपीतून, अंगाला जळणाचा भुसा लागलेले, बाहेर पडताना त्याने डोळ्यांनी बघितले.

“काका!” तो सायकल टाकून माझ्याकडे धावला. “हे दोघं आतून एक आहेत हे आम्ही ओरडून सांगत होतो! तुम्ही तर दाखवूनच दिलंत!”

त्या रात्री मी आरशासमोर बराच वेळ उभा होतो. म्हटलं, मॅलकी, तुझं आयुष्य डेअरीला दूध घालण्यात वाया गेलं. तू परराष्ट्रमंत्री व्हायचास.

आणि खरोखरच मतदानाच्या आधी तिघांचेही फोन आले. “तुझं डांबर मंजूर करून घेतलंय,” गिलहूली. “मी पाठपुरावा केला म्हणून झालं,” नोरीनबाई. “आमच्या दबावामुळेच, काका!” लॉर्कन. एकच डांबर तिघांनी आणलं होतं! मी तिघांचेही आभार मानले. अट्रॅक्टाने कपाटातून चिनी मातीचे कप काढून पुसायला घेतले आणि फादरना निरोप धाडला, मिस्सा ठरल्याप्रमाणे आमच्याकडेच. तिला इतकं आनंदात मी आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

मतदानाचा दिवस उजाडला. अट्रॅक्टा भल्या पहाटे सायकल काढून मत देऊन आली. “कुणाला दिलंस?” मी विचारलं. “देवाला ठाऊक आणि पेटीला,” ती म्हणाली आणि पिठात हात घातला. मी अंघोळ करून, कोट घालून बाहेर पडतो, तर हमरस्त्याच्या टोकाला धूर! घरघर! पिवळी जाकिटं! डांबराचं यंत्र!

हो. मतदानाच्याच दिवशी! बांधकाम खात्याला म्हणे कोरडा दिवस मिळाला होता, आणि आमच्याकडे कोरडा दिवस ही चीज निवडणुकीपेक्षा दुर्मीळ. टोळी हमरस्त्याकडून सुरू झाली आणि डांबर अंथरत आमच्याकडे सरकू लागली. अंथरलेल्यावर पाय ठेवायची सोय नाही. बूट तिथेच राहतो, माणूस पुढे जातो. आणि शाळा त्या टोकाला!

सगळा रस्ता थेडीच्या फाटकाशी जमला. मी येताच सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. डांबर दारात पोचलं म्हणजे झालं, असं मला वाटत होतं. पण मतदानाला जायचं कसं?

“मागच्या दलदलीतून वाट आहे,” मी हळूच म्हणालो.

थेडीने पाइप तोंडातून काढला. थेडी सडाफटिंग, कुणाच्या अध्यात ना मध्यात. कुणीही उमेदवार आला की तो फक्त “बघू” एवढंच म्हणतो आणि दार लावतो.

“मॅलकी,” तो म्हणाला, “माझ्या आज्याने पक्षासाठी डोकं फोडून घेतलं. बापाने ओरडून ओरडून घसा फोडला. मी मोजासुद्धा ओला करणार नाही.”

“पण लोकशाही...”

“तू कुणासाठी जाणार आहेस दलदलीतून?”

सगळे माझ्याकडे बघू लागले. आणि मंडळी, मी मनात हिशोब मांडला! एकाला घालावं तर दोघांना दगा. मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला: कुणालाच घातलं नाही, तर कुणालाच दगा नाही! इतका प्रामाणिक मार्ग दुसरा नाही! मी कोट काढून थेडीच्या भिंतीवर बसलो.

तिकडे शाळेजवळ, नियमाप्रमाणे थोडं दूर, तीन उमेदवार माझा रस्ता यायची वाट बघत होते. तिघंही वेगवेगळ्या झाडाखाली. रस्ता काही येईना. मग त्यांनी धूर पाहिला. माझा एक नंबर! माझा अख्खा रस्ता! डांबराच्या पलीकडे अडकलाय! तिघांच्याही तोंडचं पाणी पळालं आणि तिघांनीही एकाच वेळी खिशातून फोन काढले.

हे मला कळलं ते मुकादमाकडून. यंत्र थेडीच्या फाटकापाशी येऊन धापा टाकत थांबलं, आणि तो पिवळ्या जाकिटाच्या खिशात हात घालून म्हणाला, “चला रे, आवरा!”

“आवरा? अहो, पुढे माझं घर आहे!”

“दिसतंय की. छान पडदे आहेत.”

“मग डांबर?”

“वरून हुकूम आलाय, काम थांबवा. तिघं उमेदवार साहेबांच्या डोक्यावर बसलेत. म्हणे लोकशाहीचा रस्ता अडवू नका. एक बाई तर रडत होती म्हणे फोनवर.”

“पण त्यांनीच तर हे डांबर आणलं!”

मुकादम असा हसला की त्याला यंत्राचा आधार घ्यावा लागला. “कुणी आणलं? हा रस्ता दोन वर्षांपासून आमच्या यादीत आहे, बाबा. कोरड्या दिवसाची वाट बघत होतो. कुणी काही बोललं नसतं, तर दुपारच्या चहाला डांबर तुमच्या दारात असतं.”

“मग उद्या या!”

“उद्या पाऊस आहे. उरलेलं पुढल्या यादीत.” त्याने आमच्या फाटकाकडे एकदा पाहिलं. “गाय हंबरली तर इथे ऐकू येईल, एवढंसंच राहिलंय. वाईट वाटतं.”

आणि गंमत अशी की काम थांबवूनही उमेदवारांना काही मिळालं नाही. अंथरलेलं डांबर संध्याकाळपर्यंत ओलंच होतं, आणि कुणाच्याही मोज्याला लोकशाहीची ओढ लागली नाही.

मतमोजणीला मला जावं लागलं. तिघांनीही निरोप पाठवला होता: ‘तुमची पेटी उघडेल तेव्हा माझ्या शेजारी उभे राहा!’ मी कठड्याशी अशा बेताने उभा राहिलो, की प्रत्येकाला वाटावं मी त्याच्याच शेजारी आहे. पेन्सिलवाले पुढे झुकले. आमची पेटी उपडी केली. एक मतपत्रिका पडली.

कारकुनाने पेटी हलवली. बुडावर थाप मारली. आत डोकावून पाहिलं.

एकच!

“हे तुझं,” गिलहूली माझ्या कानात म्हणाले. “बाकीचे हरामखोर निघाले, पण तू शब्द पाळलास.” नोरीनबाईंनी दुसऱ्या बाजूने माझी बाही दाबली. लॉर्कनने लांबून मूठ उंचावली.

मतपत्रिका उलगडली. एक नंबर सगळ्यांत खालच्या नावापुढे होता. कुणी एक अपक्ष. गुरांचा निवृत्त डॉक्टर. तो म्हणे प्रचाराला बाहेरच पडला नव्हता, कंबर धरली होती. दोन नंबर, तीन नंबर कुणालाच नव्हता. तीन माना घड्याळाच्या काट्यांसारख्या हळूहळू माझ्याकडे वळल्या. मी छताकडे बघू लागलो. छत चांगलं होतं.

घरी येऊन अट्रॅक्टाला विचारलं, “त्या डॉक्टरला? का?”

“दारात न आलेला, माझा ब्रेड न खाल्लेला तो एकटाच होता,” ती म्हणाली.

गिलहूलींची जागा गेली, तीही इतक्या थोडक्यात, की आमच्या रस्त्यावरची माणसं त्या फरकात बसली असती. वर थेडीचा कुत्राही बसला असता. नोरीनबाई आणि लॉर्कन त्याच्याही आधी बाद झाले होते. त्याचं मला खरंच वाईट वाटलं. पण ते वाटायला फार वेळ मिळाला नाही. रविवारी फादरनी वेदीवरूनच जाहीर केलं: डांबर जिथवर गेलंय तिथवर गाडी जाईल, या वेळची मिस्सा थेडीच्या घरी!

थेडीच्या घरी! त्याच्या स्वयंपाकघरात कोंबड्या त्याच्यापेक्षा जास्त वेळ असत. अट्रॅक्टाने ब्रश माझ्या हातात दिला आणि थेडीच्या घराकडे बोट केलं. मी त्याच्या भिंती रंगवल्या, खिडक्या घासल्या, कोंबड्यांची समजूत काढली. मिस्सेच्या सकाळी आमचे नवे पडदे थेडीच्या खिडक्यांना लागले आणि आमचे कप मी हातगाडीवरून त्याच्या टेबलावर नेऊन मांडले. खड्ड्यांतून जाताना त्यातले जे राहिले ते.

फादरनी गाडी आवाज न करता लावली, आणि न्याहारीला सगळ्यांसमोर थेडीचा हात धरून म्हणाले, “थेडी, इतकं सुंदर घर मी या रस्त्यावर पाहिलं नाही!” आयुष्यात कुणाला काहीही न दिलेला थेडी लाजून म्हणाला, “बघू.” अट्रॅक्टा नवा पोशाख घालून परक्या चुलीशी उभी राहून सगळ्यांना चहा ओतत होती, आणि आल्यागेल्याला “थेडीच्या घरचा” ब्रेड वाढत होती.

तर मंडळी, एकूण बेरीज अशी: गिलहूलींनी खुर्ची दिली, नोरीनबाईंनी अश्रू दिले, लॉर्कनने माणसांवरचा विश्वास दिला, खात्याने जेवढं द्यायचं तेवढं डांबर दिलं, आणि अट्रॅक्टाने कितीतरी वर्षं वाट बघून आलेली आपली पाळी दिली. सगळ्यांना गंडवायला निघालेला मी तेवढा एकटा कुणालाच काही न देता सुटलो.

मतसुद्धा नाही.